डाव्या बाजूचा उजेड

फितीचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं लेम्पी हार्जूच्या.
वय अठ्ठ्याऐंशी. तिला कुणी बोलावलं नव्हतं,
आपणहून आली, किल्ल्यांचा जुडगा घेऊन.
म्हणाली, इथल्या कड्या माझंच ऐकतात.

भिंत : दोन फूट तीन इंच.
लाल दगड, सुपीरियर सरोवराच्या काठचा.
तो फोडणाऱ्यांत तिचे आजोबा होते,
फिनलंडहून नुकतेच आलेले.
तांब्याची कंपनी शाळेसाठी पगारातून
महिन्याला एक डॉलर कापायची.
आजोबांना तेव्हा मूल नव्हतं, बायकोही नव्हती.
डॉलर कापला गेलाच.

एका दारावर कोरलंय : मुलगे.
दुसऱ्यावर : मुली.
आत शिरल्यावर दहा पावलांत
दोन्ही वाटा एकाच जिन्याला मिळतात.
मग कशाला दोन दारं? मी विचारलं.
कोरणावळ आधीच दिली होती, ती म्हणाली,
आणि स्वतःशीच हसली.

जिना मेपलचा. पायऱ्या कठड्याच्या बाजूनं झिजलेल्या,
मधोमध अजून टणक.
मधून चालायची हिंमत
फक्त मुख्याध्यापक निस्कानेन यांच्यात.

दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरणारी
पत्र्याची गोल नळी : आगीच्या वेळी सुटायला.
आग कधी लागली नाही.
तरी आतला पत्रा आरशासारखा गुळगुळीत.
नोंद कशी करू?
लिही, तिनं सांगितलं, नियमित वापरात.

खाणीचा भोंगा अवेळी वाजला की
वर्गात कुणी कुणाकडे बघत नसे.
बाई भागाकार थांबवत नसत,
फक्त खडू हातात धरून खिडकीशी जाऊन उभ्या राहत.
बाकी किती उरली, ते फळ्यावर
दुसऱ्या दिवशी मिळायचं.

खिडक्या : नऊ फूट उंच, एका ओळीत पाच,
सगळ्या बाकांच्या डाव्या हाताला.
मी कौतुकानं सांगू लागलो –
बांधणाऱ्यानं किती विचार केला बघा,
उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या
अक्षरावर सावली पडू नये म्हणून...

ती तिसऱ्या बाकावर बसली.
डाव्या हातात माझी पेन्सिल घेतली,
कागदावर टेकवली, आणि थांबली.
तिच्या मुठीची सावली
लिहायच्या जागेवर आधीच बसली होती.

आठ वर्षं, ती म्हणाली.
खोलीभर उजेड,
आणि माझ्या अक्षरावर माझाच हात.
गरीब-श्रीमंत, फिन-इटालियन,
या इमारतीनं कुणात डावं-उजवं केलं नाही म्हणतात.
केलं की. एवढंच केलं.

बाहेर जूनमध्येही गटाराशी मळकट बर्फ होता.
गाडीत बसून मी तक्ता भरला.
दोष :
छताला गळती, ईशान्य कोपरा.
घंटेची तुळई कुजलेली.
पश्चिमेच्या भिंतीला तडा, बोटभर.

एक रकाना उरला होता.
लेम्पी काचेतून वाकून बघत होती.
लिहिलं :
खिडक्या डाव्या बाजूला.