टीसी

वैजूचा मेसेज येतो रात्री साडेदहाला,
तिकडे तेव्हा दुपार.
जेवलात का, गुडघा कसा आहे,
आणि शेवटी, ओळीत एकटंच: टीसी.

मला वाटायचं, हाक मारते.
एकतीस वर्षं हीच हाक ऐकली
दौंडपासून लोणावळ्यापर्यंत,
कुणी अजीजीनं, कुणी शिवी गिळून
काळ्या कोटाकडे बघत.
म्हणून मी लिहायचो: बोल.
ती पुढं काही बोलायची नाही.

परवा घोरपडीचं फाटक पडलं.
मालगाडी संपेचना.
स्कूटरवर पुढं बसलेल्या शेजारच्या अन्वरला
मोबाइल दाखवला.
तो म्हणाला, काका, टेक केअर हो,
काळजी घ्या.
घाईत असलं की लोक एवढंच लिहितात.

एवढंच.
विनातिकीटवाल्याची पावती फाडतानासुद्धा
मी अख्खं नाव लिहायचो, गावासकट,
खाली कार्बन नीट बसलाय का बघून.

रात्री पुन्हा आलं. टीसी.
बोल, असं लिहिलं. खोडलं.
मग चष्मा पुसून, एकेक अक्षर शोधत:
वैजयंती, मुक्काम पोस्ट तिकडचं,
काळजी घेत जा.

बराच वेळ काही नाही.
मग शेजारी दोन निळ्या खुणा.
तपासलं म्हणायचं.