बशीतलं पाणी

मे महिन्यात पहाटे साडेपाचला
गच्चीची फरशी कोमटच असते,
निवायला तिला रात्र पुरत नाही.
मी मग घेऊन निघते. बेचाळीस कुंड्या,
त्यातल्या नऊ खऱ्या. बाकी
रंगाच्या बादल्या, तेलाचे पिपे,
आणि कूलरचा एक फुटका टब,
त्यात संत्र्याचं कलम.

तेहतीस वर्षं मेडिकलच्या वॉर्डात
मी दोन रकाने भरत आले:
आत किती गेलं, बाहेर किती आलं.
खाली सही.
रिटायर झाले तरी हात सुटला नाही.
कालनिर्णयाच्या पाठीवर रेघा मारल्यात,
मोगरा दीड लिटर, वांगी दोन,
टोमॅटोला संध्याकाळचं वेगळं.
दुसरा रकाना कोराच.

कारण गच्चीचा पन्हाळा
नेमका ढोमणेकाकूंच्या सज्ज्यावर उघडतो.
मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या कुरड्यांवर
माझ्या पेंडीचं तपकिरी पाणी पडलं.
"काय टाकून राह्यल्या सिस्टर वरून?
तीन दिवस गहू भिजवले होते मी!"
तीन दिवस. मला तोंड वर करवेना.
इतवारीतून प्लास्टिकच्या बश्या आणल्या,
टबाखाली आईची जुनी परात सरकवली,
आणि तेव्हापासून
एक थेंब खाली गेला नाही.
केवढा अभिमान होता मला त्याचा.

यंदा संत्र्याची पानं टोकाकडून जळाली.
मला वाटलं, भूक.
पेंड आठ दिवस कुजवून पाजली.
पुडीवर सपाट चमचा लिहिला होता,
मी शिगोशीग घातला.
पानं अजून जळाली.
मग वाटलं, तहान. पाणी वाढवलं.
परात भरली, मातीनं तेच पाणी
पुन्हा वर ओढलं, रात्री पुन्हा,
बोअरिंगचा खार, खताचा खार, सगळं
घरातल्या घरात फिरत राहिलं.
एक दिवस मातीवर साय धरली, पांढरी.
बोट लावून चाटलं. कुणी बघत नव्हतं.

मशीनवर यायचे ते बोपचे गुरुजी,
आठवड्यातून दोनदा, बारा नंबरची खाट.
दिवसाला एक लिटरची मुभा.
पाय सुजून चप्पल चढत नसे
आणि नजर सारखी माठाकडे.
"सिस्टर, घोटभर."
मी म्हणायची, गुरुजी, तहान तुमची नाही,
आतलं मीठ मागून राह्यलं.
तेहतीस वर्षं हे येत होतं मला.
परात भरलेली, शेजारी झाड करपलेलं,
आणि मी चमच्यानं खाऊ घालत होते.

जिना उतरून काकूंच्या दारात गेले.
म्हटलं, एक दिवस द्या,
सज्जा मोकळा ठेवा, मला सगळं धुऊन काढायचंय.
त्यांनी आधी कूलरमध्ये पाणी भरलं,
मग पापडाचं पीठ झाकलं, मग बोलल्या.
"सोमवारी. सोमवारी माझं काही वाळत नसते.
आन् मागचं पाणी माह्या कढीपत्त्याच्या पिप्यात सोडजा.
पयलं नको. पयलं नालीत."
कुणी शिकवलं त्यांना, कोण जाणे.

सोमवारी उन्हाच्या आधी
नळाच्या पाण्याची बादली धरली, सावकाश,
माती जेवढं घेईल तेवढंच.
एका दमात ओतलं तर कडेकडेनं पळून जातं,
मधली मुळं कोरडीच राहतात.
पहिली बादली काळपट आली, वास मारत.
दुसरी चहासारखी.
तिसऱ्या बादलीला मी थांबले, कान दिला.
खालून पत्र्याच्या पिप्यात
टप, टप, मग धार.
"सिस्टर! आता साफ येऊन राह्यलं!"

जळालेली टोकं हिरवी होणार नाहीत,
ते मला ठाऊक आहे.
तीन आठवडे खत बंद, पुढे अर्धा चमचा,
तोही ओल्या मातीवर.
परात घासून उन्हात पालथी घातली.
दुसऱ्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं:
बाहेर, अंदाजे अकरा लिटर.
सही राहिली.
हात ओले होते.