दांडीचं दुसरं टोक

उद्यमबागेच्या फाउंड्रीत एकोणीस वर्षं
भरमा हलगेकर वितळलेलं लोखंड उचलायचा.
एकट्यानं नाही. लेडलच्या दांडीला दोन टोकं असतात.
पुढं हा, मागं गुरुसिद्ध.
"ओंदु... एरडु..." गुरुसिद्ध मोजायचा,
त्यावर दोघांची पावलं.

मग मच्छे फाट्यावर मागून टेम्पो.

मी वकिलांचा कारकून, फाइल माझ्याकडं असते:
गुडघ्याचा कोन मोजून डॉक्टरांनी लिहिलं,
पायाला छत्तीस टक्के.
विमा कंपनी म्हणाली, अख्ख्या देहाला बारा धरा.
वय त्रेचाळीस, गुणिले चौदा.
पगाराची चिठ्ठी नाही,
फाउंड्रीत चिठ्ठी कोण देतंय.

"चालता येतं ना तुम्हाला?"
"येतंय की. बसस्टँडावरनं चालतच आलोय."
टायपिस्टनं ते कन्नडात उतरवलं.
एका ओळीत मावलं.
खाली भरमानं मराठीत सही केली,
'र'ची शेपटी पार समासाबाहेर.

बाकीचं तो जिन्यात बोलला, मला,
ज्याच्या ऐकण्याला तिथं काही किंमत नाही:
"चालाय येतंय हो, पण जोडीनं न्हाई.
माझा पाय जरा मागं राहिला
की लेडल हिंदकळतंय,
आणि खाली चार पाय असतात."

गुरुसिद्ध अर्धी पाळी बुडवून आलेला.
साक्षीदारांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.
पायऱ्या उतरताना त्यानं हात दिला नाही.
"ओंदु," म्हणाला,
आणि भरमाचं पाऊल टेकेपर्यंत
पुढचा आकडा तोंडातच धरून राहिला.