दोरा नसलेला चमचा

सकाळी नऊ ते पाच मी शेंगा कुटते.
अशोक चौकाच्या मागं, पत्र्याच्या शेडात,
आम्ही सहाजणी, सहा उखळं,
लसूण, मीठ, जिरं, लाल तिखट,
तेल सुटेपर्यंत मुसळ खाली-वर.
पाव किलोच्या पुड्या पुण्याला जातात, मुंबईला जातात,
परदेशी निघालेल्या कुणाच्या सुनेच्या बॅगेत जातात.
माझ्या घरी जात नाहीत.

भार्गवला शेंगदाणा चालत नाही.
चौथ्या वर्षी कळलं, गड्ड्याच्या जत्रेत.
कुणीतरी प्रेमानं हातावर चार दाणे ठेवले,
आणि होम मैदानापासून सिव्हिलपर्यंत
रिक्षात त्याचे ओठ माझ्या डोळ्यांदेखत फुगत गेले.
डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता?
मी हात पदराखाली घेतले.

तेव्हापासून शेडातली साडी शेडातच.
नळाखाली कोपरापर्यंत हात, नखं, पुन्हा हात,
केसांचं फडकं पिशवीत, पिशवी खिळ्याला.
तरी संध्याकाळी तो दारापर्यंत पळत येतो
आणि दोन हात अलीकडं थांबतो,
मांजराच्या पिल्लागत नाक पुढं करतो.
"हं. ये आता."

सिरीचं वेगळंच.
दूध नको, दही नको, ताक नको,
पेढ्याच्या डब्याचं झाकण चाटलं तरी अंगभर गांधी.
शेंगा चालतात तिला. चालतात कसल्या, जीव आहे.
आणि भार्गवला दह्याशिवाय घास उतरत नाही.
वाटणीच्या वेळी देवानं ताटं अदलाबदल केली असतील,
सासूबाई म्हणतात,
आणि पुढच्याच दमाला,
"एवढंसं दिलं तर काय होतंय?"

एवढंसं.
या एका शब्दापायी
किती लग्नांतून मी पोरं घेऊन उपाशी परतलेय.

ह्यांनी मागावरून उरलेलं सूत आणलं.
टॉवेलच्या काठाचं लाल, ते भार्गवच्या चमच्याला,
चादरीतलं निळं, ते सिरीच्या.
कढया दोन, पळ्या दोन,
घासायचा काथ्यासुद्धा दोन.
शेजारची नागमणी म्हणाली, घर हाय का कारखाना?
शेंगांचं कूट न घालता भरली वांगी
सोलापुरात कुणी करून दाखवावीत!
मी केली. खोबरं, कारळं, चिंच, गूळ.
पहिल्या दिवशी सगळे गप्प जेवले.
आमच्याकडं गप्प म्हणजे वाईट.
तिसऱ्या खेपेला ह्यांनी रस्सा मागून घेतला,
तेव्हा कुठं माझी पाठ भिंतीला टेकली.

परवा रविवारी लाइट गेली.
चूल म्हणून एकच शेगडी, परात एकच,
ज्वारीचं पीठ, लसणाची फोडणी दिलेली अंबाडी.
ज्वारीनं या घरात अजून कुणाला छळलेलं नाही.
अंधारात दोरे कुठले दिसायला,
हाताला लागेल तो चमचा ज्यानं त्यानं घेतला,
काही घासांपुरतं मला कुणाचंच ताट राखायचं नव्हतं.

मग भार्गवनं विचारलं,
"आई, शेंगाची चटणी कशी लागते?"

अकरा वर्षं कुटतेय.
सहा उखळांच्या दणक्यात माझं उखळ मला ओळखू येतं.
चव सांगता येईना.
"तिखट," म्हटलं.
"खोटं," सिरी म्हणाली.
भाकरीचा पापुद्रा मोडत जरा थांबली ती.
"आईच्या शेडाच्या दारात वास येतोय बघ, तशी."
"मला कुठं येऊ देता तिथं," तो म्हणाला.

कोणी बोललं नाही.
खाली गल्लीत कुणाचा तरी माग लाइटीची वाट बघत मुका उभा.

"बरं, मी तुला दही सांगू का?" भार्गव म्हणाला.
"सांग."
"बर्फ आहे ना, तो वितळायच्या आधी रुसला, की दही."
सिरी इतकी हसली की तिला ठसका लागला,
आणि ठसका लागल्याबरोबर मी उठले होते,
तिच्या तोंडाशी हात, कपाळाला हात, ओठ चाचपत.
नुसताच ठसका होता.

लाइट आली.
सगळ्यांच्या आधी
मी चमचे मोजले.