पासंग

फेब्रुवारीत ईरी सरोवर गोठतं
तेव्हा आमच्या कचेरीत फायलींना पूर येतो.
मी वाचते. तेरा वर्षं वाचतेच आहे.
आधी दोन आकडे, मग माणूस:
पहिल्या पानावर क्रमच तसा छापलेला,
माझा त्यात काय दोष, असं मी
पहिली चार वर्षं स्वतःला सांगत असे.

आमचे मधले आकडे: प्रवेश परीक्षेत एकशे अठ्ठावन्न,
कॉलेजातल्या ग्रेडची सरासरी साडेतीन.
मधला म्हणजे निम्मे ज्याच्या वर, निम्मे खाली,
आणि आमचं अख्खं लॉ स्कूल
त्या एका मधल्याच्या खांद्यावर उभं.
तो जरा घसरला
की देशाच्या यादीत आम्ही चार पायऱ्या उतरतो,
आणि डीन मागच्या दाराने ये-जा करू लागतात.

रोवेना टिबेट्स. वय एकतीस. गाव यंगस्टाउन.
परीक्षेत एकशे सदुसष्ट.
सरासरी दोन पॉइंट आठ चार.

पहिल्या वर्षीचे पाच विषय, पाच एफ,
एकाखाली एक, बंद दुकानांच्या शटरसारखे.
मग नऊ वर्षं काहीच नाही.
मग ए, ए, ए उणे, ए,
सगळे संध्याकाळच्या वर्गांतले.
बेरीज करणाऱ्या यंत्राला मधली नऊ वर्षं दिसत नाहीत.
ते एफ मोजतं, ए मोजतं, भागतं, आणि गप्प बसतं.

सोबत सव्वा पानाचं स्पष्टीकरण. त्यात लिहिलेलं:
'त्या ऑक्टोबरात वडिलांचा हात मशीनमध्ये गेला.
मी घरी गेले. कॉलेज सोडतानाही फॉर्म भरायचा असतो
हे मला कुणी सांगितलं नाही. मी नुसतीच गेले.
कायदा मला पहिल्यांदा भेटला तो तिथे.'

आणि खाली, कुणी विचारलेलं नसताना:
'रात्री मी टोइंग कंपनीचा फोन घेते.
सहा ड्रायव्हर, चार ट्रक,
ड्वेनला लेरॉयबरोबर पाठवायचं नाही,
आणि बर्फ पडलं की पूल बंद.
तुमच्या परीक्षेतली कोडी त्यामानाने सोपी.
त्यांत कुणी थंडीत उभं नसतं.'

त्याच आठवड्यात ॲन्सल प्रूइटची फाईल आली.
सरासरी तीन पॉइंट नऊ सात, परीक्षेत एकशे एक्कावन्न.
सगळ्या प्राध्यापकांचा लाडका,
घड्याळ लावलं की हातपाय गार.

डीन म्हणाले, एक ह्या अंगाने लंगडा, एक त्या,
दोघं मिळून एक धड.
ॲन्सलला आत्ता घेऊ. तिला रांगेत उभी करा.

माझे वडील धान्य तोलत.
रिकामा काटा एकीकडे झुकला
की दुसऱ्या पारड्याखाली शिशाचा तुकडा डकवत.
तो तुकडा कुणी विकत घेत नाही,
पावतीवर त्याचं नाव नसतं,
पण त्याच्यावाचून तोल खोटा.
मी हे डीनना सांगितलं नाही.
पेन्शनला सात वर्षं बाकी आहेत.

जूनमध्ये मोठ्या शिष्यवृत्त्यांमागे
आमचे अकरा हुशार शिकागोला, कोलंबसला निघून गेले.
मधला आकडा एकशे सत्तावन्नवर आला.
तेव्हा डीनना आठवलं: सदुसष्ट.
रोवेना नव्हे. सदुसष्ट.

फोन मी केला, सकाळी आठला.
तिची पाळी नुकती संपली असणार.
पहिल्याच घंटेला तिने उचलला,
आणि अर्धवट झोपेतल्या, सरावलेल्या आवाजात म्हणाली,
'घाबरू नका. गाडी नेमकी कुठे अडकली आहे?'

मी टेबलावरच्या फायलींकडे पाहिलं,
भिंतीवरच्या दोन आकड्यांकडे पाहिलं,
आणि तिला आमचा पत्ता सांगितला.