सुई कुठे गेली

जेलरोडला सकाळी साताला पाणी येतं,
म्हणून माझा दिवस सुईने नाही, नळीने सुरू होतो.
आधी गवती चहा, मग दोडका,
मग ती द्राक्षाची वेल. पिंपळगावहून काडी आणली होती,
सात वर्षं झाली, अजून आंबटच देते.
बुलबुलांची काही तक्रार नाही.
जुन्या ओढणीची जाळी शिवून टाकली वर,
तिला दोन भोकं मुद्दाम ठेवली.
अच्युत विचारतो, मग जाळी कशाला?

अच्युत तेहेतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये होता.
काम एकच: कागद उजेडात धरायचा, चूक शोधायची.
माणूस निवृत्त झाला, नजर कुठे होते!
माझी गोधडी खिडकीत धरून म्हणतो,
इथे टाका लांबलाय. इथे ओळ उतरली.
उतरली तिथे वन्संचा फोन आला होता,
गाठ साधी निघाली म्हणून.
इथे कुकरची तिसरी शिट्टी.
इथे खसखस रिळामागे पळाली
आणि मी खसखशीमागे.
सरळ ओळ मशीनला येते, बाबा.
तो मान हलवतो,
तरी लांबलेल्या टाक्यावर नखाने हळूच खूण करतो.

आमच्याकडे एक गाडी आहे. पूर्वी शाळेची व्हॅन होती.
पिवळा खरवडून निळा दिला,
पण ऊन तिरकं पडलं की मागच्या काचेखाली
‘शालेय विद्यार्थी’ वर येतं.
बाकं काढली, फळी टाकली, एक शेगडी, एक पाण्याचा कॅन.
पडदे अर्थात माझे.
बाकांच्या फटीत सापडलं ते बिस्किटांच्या डब्यात ठेवलं:
करकटकाचं टोक, लाल रिबीन,
वहीच्या कागदात गुंडाळलेला एक दुधाचा दात.
रिबीन गोधडीत गेली.
दाताचं काय करायचं, अजून ठरत नाही.

डिसेंबरात वाघेऱ्याच्या घाटात मुक्काम केला.
गोधडी अर्धी होती, सटाण्याच्या लग्नात द्यायची,
म्हणून सोबत घेतली.
रात्री गार असं, की कॅनमधलं पाणी दातांना चावत होतं.
अर्धी तर अर्धी, ओढली अंगावर.
डोळा लागतो न लागतो तोच अच्युत उठून बसला.
सुई?

बॅटरी लावली. बुंदीला खाली उतरवलं.
बुंदी दुसऱ्या दारातून आत आली.
आणि ती तेहेतीस वर्षांची नजर
वीत वीत पुढे सरकू लागली,
माझ्या जांभळ्या इरकलीवरून,
त्याच्याच खाकी शर्टाच्या खिशावरून,
बोट टाक्यांवर, अगदी अलगद,
आंधळा माणूस पायरी चाचपतो तसं.
हा फोन, तो पुटपुटला.
ही शिट्टी.
मी काही बोलले नाही. कुडकुडत बॅटरी धरून राहिले.

सुई मिळाली नाही. एक कोपरा उसवलेला मिळाला.
गोधडी उपाशी ठेवू नये म्हणतात,
म्हणून पहिल्याच कोपऱ्यात मी पोळीचा तुकडा शिवते.
तुकडा नव्हता.
आम्ही दोघांनी बुंदीकडे पाहिलं.
बुंदीने घाटाकडे.

मग एका शालीत, पाठीला पाठ लावून,
बसल्या बसल्याच रात्र काढली.
पहाटे ओहोळावर तोंड धुवायला वाकले
तर खांद्याशी टोचलं.
ब्लाउजला, नेहमीच्या जागी,
सुई. वीतभर दोराही लोंबत होता.

मी सांगितलं नाही.
गिरणाऱ्यापर्यंत तो एका हाताने सीट चाचपत गाडी हाकत होता.
टपरीवर थांबलो, माझा पदर सरकला,
त्याची नजर खांद्यावर थांबली,
आणि नोट उजेडात धरावी तसे त्याने डोळे बारीक केले.

लाल दोरा, तो म्हणाला.
मग दोन चहा सांगितले,
एकात साखर कमी,
आणि बुंदीसाठी एक खारी.