तीन गजकांचा एक किलोमीटर

सोमवारी ग्वाल्हेरची थंडी इतकी कोरडी होती
की हसलं तरी ओठ फुटत होते.
मी चौथीच्या मुलांना घेऊन गेले
जुने नकाशे, मोडकी बाकं ठेवतात त्या खोलीत,
खिडकीवर घोंगडं टांगलं आणि म्हटलं,
"स्वेटर काढा. सावकाश. डोक्यावरून."

चट्. चट् चट्.
बत्तीस मरून स्वेटरांतून
निळ्या मुंग्या पळाल्या.
मृद्गंधा शितोळे किंचाळली, "बाई, मला चावली!"
नचिकेत फाळक्याचा झाला साळिंदर.
"ही वीजच आहे," मी म्हटलं. "पिल्लू आहे अजून."

कुणाचाच विश्वास बसला नाही.

गुरुवारी मावठं आलं.
किल्ल्यामागून ढग चढत गेला
टीपकागदात शाई चढावी तसा.
सगळ्या लष्करचे दिवे गेले, फळा दिसेना.
खडू ठेवून मी हातांनीच सांगू लागले:

ढग म्हणजे कापूस नव्हे रे.
आत बाजाराच्या दिवसाची गर्दी आहे.
बर्फाचे कण, रव्याएवढे, वर निघालेत,
गारांची पिल्लं, जड, खाली येताहेत,
आणि जिना एकच.
घासाघीस होणारच. स्वेटर आठवा, केस आठवा.
घासताना एकाचं काहीतरी
दुसऱ्याच्या अंगाला लागून जातं.
हलके कण धन भार घेऊन माडीवर,
जड गारा ऋण घेऊन तळमजल्यावर.
"ऋण म्हणजे उधारी ना, बाई?"
हो नचिकेत, शब्द तोच.
आणि उधारी फार साठली की काय होतं?
"दुकानदार घरी येतो!"

येतो. तळमजल्यावरून एक वाट निघते,
जवळजवळ न दिसणारी.
पन्नास मीटर. थांब. वळ.
पन्नास मीटर. थांब. फाटा फुटला.
अनोळखी गल्लीत पत्ता विचारत फिरणाऱ्या पोस्टमनसारखी,
फक्त पापणी लवायच्या आत.
आणि जमीनही गप्प बसत नाही.
जे उंच असेल ते, टाकी, मनोरा, कडुलिंब,
आपला एक हात वर करतं.
एका हातानं टाळी वाजत नाही.
दोन हात भेटले की
लख्ख!
आणि गंमत म्हणजे तो उजेड
खालून वर धावतो.
आपण मात्र म्हणतो, वीज पडली.

मागच्या बाकावरचा विक्रांत तोमर,
मराठी समजणारा, बोलायला लाजणारा,
आज मराठीत बोलला.
"बाई, आमचे चाचा मोहरीच्या शेतातून
पळत लिंबाखाली गेले होते. भिजू नये म्हणून.
त्यांनी पण हात वर केला होता का?"

खिडकीची काच थरथरली. बत्तीस मुलं गप्प.

नाही रे. हात झाडानं वर केला.
ते नुसते शेजारी उभे होते.
झाडाला जे मिळालं ते झाडात मावलं नाही.

त्यापुढचं वाक्य, पुस्तकात चौकटीत छापलेलं,
आभाळ गरजत असताना झाडाखाली थांबू नये,
मी त्याच्याकडे न बघता म्हटलं.

तेवढ्यात चमकलं. खोली पांढरी झाली,
प्रत्येकाच्या दातांसकट.
"मोजा!" मी म्हटलं. "सावकाश. एक गजक, दोन गजक..."
हवा आत्ता सूर्याच्या अंगापेक्षा पाचपट तापलीय,
फुगलीय, फाटलीय,
ते फाटणं आपल्यापर्यंत चालत येतंय.
उजेड पोचलासुद्धा. आवाज मागे राहिला.
तीन गजक म्हणजे एक किलोमीटर.

"सहा गजक!" गडगडाट.
दोन किलोमीटर, किल्ल्याच्या आसपास.
पुन्हा चमकलं. नऊ.
पुन्हा. सतरा, आणि मृद्गंधानं बोटं सोडून
पाटीवर रेघा मारायला घेतल्या.

घंटा झाली. ढग भिंडकडे निघाला होता,
विक्रांतच्या गावाच्या अंगाला.
क्षितिजावर एकदा नुसतं पांढुरकं हललं.
मुलं दप्तरं भरत होती. तो खिडकीशी उभा,
ओठ हलत होते.
पन्नास गजक. साठ.
आवाज आला नाही.
तो मोजत होता.